‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला, तर पुढे काय?

प्रश्न असा आहे. एका अर्जदाराने पंचायत समितीकडे माहिती अधिकाराचे दोन अर्ज केले. पहिल्यात गावातल्या घरकुल लाभार्थ्यांची यादी, मिळालेले हप्ते आणि ‘सर्व कागदपत्रे’ मागितली. दुसऱ्यात एका शिक्षकाची ‘संपूर्ण माहिती’: नेमणूक, जात वैधता, सेवापुस्तक, रजा, झाल्या असतील त्या कारवाया. दोन्हींना एका ओळीचे सारखेच उत्तर आले. मागितलेली माहिती वैयक्तिक असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही. वर तोंडी सांगण्यात आले की कायदा बदललाय, आता कोणाच्या नावाचे काहीही मिळणार नाही. हे खरे का?

कलम बदलले हे खरे. काहीही मिळणार नाही हे खरे नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधले जुने ८(१)(ञ), ज्याला कार्यालयात सगळे ‘आठ-एक-जे’ म्हणतात, चांगले लांबलचक होते. माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हणून भागत नसे. तिचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने त्या माणसाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, हे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. तरीही व्यापक जनहित दिसले तर माहिती अधिकारी स्वतःच ती देऊ शकत असे. आणि शेवटी परंतुक होते की संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येणार नाही अशी माहिती कोणालाही नाकारता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सारे काढले आणि तिथे एवढेच ठेवले: वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती लागू झाली.

अर्जदाराचे नुकसान झाले आहे, त्यात शंका नाही. पूर्वी वैयक्तिक माहिती का देऊ नये हे दाखवण्याचे ओझे अधिकाऱ्यावर होते, आता ती वैयक्तिक आहे एवढे पुरते. पण बदल झाला तो एका खंडात. आजूबाजूची कलमे जागच्या जागी आहेत आणि आता सगळी मदार त्यांच्यावर आहे.

सुरुवात कलम ८(१) च्या पहिल्या ओळीपासून करा, कारण ती कोणी वाचत नाही. पुढच्या खंडांतली माहिती नागरिकाला देण्याचे ‘बंधन असणार नाही’, असे ती म्हणते. देण्यास मनाई आहे, असे म्हणत नाही. म्हणून ‘देता येत नाही’ हे उत्तर भाषेनेच चुकीचे ठरते. देता येते, देण्याची सक्ती नाही, इतकेच.

त्यानंतर कलम ८(२). माहिती उघड करण्यातले जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल, तर ८(१) मधला कोणताही अपवाद असला तरी सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते. केंद्र सरकारनेही दुरुस्तीचे समर्थन करताना ८(२) शाबूत आहे, हाच मुद्दा मांडला. मात्र एक बारीक फरक आहे आणि तो अर्ज लिहितानाच लक्षात घ्यावा लागतो. जुन्या खंडात जनहिताची खात्री जन माहिती अधिकाऱ्याची किंवा अपिलीय अधिकाऱ्याची व्हायची. ८(२) मध्ये शब्द आहे ‘सार्वजनिक प्राधिकरण’. त्यामुळे बरेच माहिती अधिकारी हात झटकतात की तो अधिकार आमचा नाही. म्हणून अर्जातच लिहावे की ८(२) खालचा निर्णय आपल्या पातळीवर होत नसेल, तर नस्ती (फाइल) सक्षम अधिकाऱ्याकडे सादर करून त्यांचा सकारण निर्णय कळवावा. एकदा हे वाक्य बारनिशीत (आवक नोंदवहीत) नोंदलेल्या अर्जात आले की टिपणीत त्यावर काहीतरी लिहावेच लागते. न लिहिले तर अपिलात तोच पहिला मुद्दा.

तिसरे, कलम ४(१)(ख). कार्यालयाने न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी इथे आहेत. त्यांत अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आहे, प्रत्येकाचे मासिक वेतन आहे, अनुदानाच्या कार्यक्रमांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील आहे, सवलती-परवाने मिळालेल्यांचा तपशील आहे. या कलमाला दुरुस्तीने हात लावलेला नाही. जे प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे, ते मागितल्यावर वैयक्तिक म्हणून नाकारणे टिकत नाही. नवा डेटा कायदाही आपल्या कलम ३ मध्ये, एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक केलेला वैयक्तिक डेटा आपल्या कक्षेबाहेर ठेवतो.

आणि एक फारसे न वापरलेले हत्यार म्हणजे कलम ८(३). अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षांपूर्वी घडलेल्या बाबीला (क), (ग) आणि (झ) हे तीनच अपवाद लागतात. (ञ) लागत नाही. १९९८ च्या भूखंड वाटपाची नस्ती मागितली आणि ‘वैयक्तिक’ असे उत्तर आले, तर वाद घालत बसू नका, ८(३) दाखवा. अडचण वेगळी असते: नस्ती सापडत नाही. त्याविषयी शेवटी.

आता मूळ अर्जांकडे. खरे सांगायचे तर दोन्ही अर्ज नाकारण्याजोगेच लिहिले होते. ‘लाभार्थ्यांची सर्व कागदपत्रे’ म्हटले की त्यात आधारची झेरॉक्स, पासबुकाचे पहिले पान, रेशनकार्डावरची घरातली माणसे, कुठे अपंगत्वाचा दाखला, कुठे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळे आले. विधवा बाईच्या खात्याचा क्रमांक गावात फिरावा असे अर्जदारालाही वाटत नसते. पण त्याने मागितले, आणि अधिकाऱ्याला गठ्ठ्यासकट नाकारण्याची सोय करून दिली.

शिवाय महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि वर्णन दीडशे शब्दांत. जोडपत्र ‘अ’ मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, विषय, कालावधी आणि वर्णन असे वेगळे रकाने आहेत. कालावधी वर्णनात घुसडू नका, शब्द वाया जातात. घरकुलाचा अर्ज असा लिहिता येईल:

‘विषय: अमुक ग्रामपंचायतीतील घरकुल योजनेची मंजुरी व हप्ते. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. वर्णन: (१) ग्रामसभेने मंजूर केलेली प्राधान्यक्रम यादी व तो ठराव. (२) लाभार्थ्याचे नाव, मंजुरी दिनांक, प्रत्येक हप्त्याची रक्कम व दिनांक दाखवणाऱ्या नोंदवहीची किंवा संगणकीय अहवालाची प्रत. (३) यादीतून नावे वगळण्याची कारणे नोंदवलेले कागद. आधार, बँक खाते, मोबाइल, जन्मदिनांक, सही-अंगठा, आजार व अपंगत्वाचा तपशील मला नको. तो कलम १० नुसार झाकून प्रत द्यावी. ही माहिती कलम ४(१)(ख) खाली स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. तरीही नाकारावयाची असल्यास कलम ८(२) खालील सकारण निर्णय कळवावा.’

यात महत्त्वाचे वाक्य आहे ते ‘मला नको’ वाले. कलम १० म्हणते की अपवादातला भाग वेगळा काढता येत असेल, तर उरलेला द्यावा. काय झाकायचे ते अर्जदारानेच सांगितले की पूर्ण कागद नाकारायला जागा उरत नाही. आणि अंशतः माहिती देताना अधिकाऱ्याला कोणता भाग का काढला, निर्णय कोणी घेतला, अपील कुठे, हे लेखी कळवावे लागते.

शिक्षकाचा अर्ज मुळातून मोडावा लागेल. माणसाची माहिती मागू नका, निर्णयाची मागा. ‘अमुक यांचे सेवापुस्तक’ याऐवजी त्या पदाची जाहिरात, बिंदुनामावलीतला (आरक्षणाच्या क्रमवारीतला) त्या पदाचा बिंदू, निवड यादी, नियुक्ती आदेश. जात वैधतेबाबत समितीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक आणि ते मुदतीत सादर झाले का, एवढेच. वैधतेच्या प्रकरणातली वंशावळ, नातेवाइकांचे शाळेचे दाखले, शपथपत्रे मागू नका. ती त्रयस्थांची आहेत आणि त्यांत अडकाल.

कारवाईच्या कागदांबाबत जमीन निसरडी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१२ मधल्या गिरीश देशपांडे निकालानंतर मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्ता विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती मानली जाते. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानेही गुण, उत्तरपत्रिका, गोपनीय अहवाल, वैद्यकीय नोंदी वैयक्तिक गटात धरल्या, पण खासगीपणा आणि जनहित यांचे तोलन प्रकरणागणिक करायला सांगितले. दुसऱ्या बाजूला मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत इतर उमेदवारांचे गुण द्यायला लावले. जाहीर भरती ही सार्वजनिक प्रक्रिया आहे, हा त्यातला गाभा. तो निकाल जुन्या खंडावर आहे हे समोरचा सांगेल, आणि बरोबर सांगेल. तरी ८(२) खाली जनहित मांडताना त्यातला विचार वापरता येतो. चौकशीचेच हवे असेल तर नाव सोडा: अमुक कालावधीत या कार्यालयात पूर्ण झालेल्या विभागीय चौकशांची संख्या, शासनाचे ठरलेले नुकसान, वसुलीचे आदेश, प्रत्यक्ष वसूल रक्कम व चलन दिनांक. यात कोणाचा खासगीपणा जात नाही.

काही नकार तर निव्वळ चुकीचे असतात. ठेकेदार कंपनीची देयके, मोजमाप पुस्तिका, कार्यारंभ आदेश यांना ‘वैयक्तिक’ म्हणता येत नाही. डेटा कायद्याची व्याख्याच माणसाशी, कंपनीशी नव्हे, जोडलेली आहे. व्यापारी गुपिताचा खंड (घ) वेगळा, आणि काम होऊन बिल निघाल्यावर तो क्वचितच लागतो. ठेकेदार एकट्याच्या नावाने काम करत असेल तर त्याचे बँक खाते झाका, बिलाची रक्कम नाही. पॅन झाकून जीएसटी क्रमांक उघडा ठेवलेले कागद पाहिले की गंमत वाटते: पंधरा अंकाक्षरांच्या जीएसटी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅनच असतो, आणि तो क्रमांक त्याला दुकानाच्या पाटीवरही लावावा लागतो.

स्वतःची माहिती स्वतःला नाकारणे हाही असाच प्रकार. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे. फक्त अर्जाला ओळखपत्राची प्रत जोडा. एरवी माहिती अधिकाराच्या अर्जाला ती लागत नाही, पण इथे माणूस तोच आहे याची खात्री कार्यालयाला हवी असते.

आता टेबलाच्या पलीकडच्यांसाठी थोडे. माहिती अधिकाऱ्याच्या मनात भीती असते ती अडीचशे कोटींच्या दंडाची. तो दंड डेटा सांभाळणाऱ्या संस्थेला, सुरक्षेत कसूर केल्याबद्दल आहे, लिपिकाला नाही. आणि संमती, सुरक्षा वगैरेची मुख्य कर्तव्ये नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सद्भावनेने दिलेल्या माहितीला माहिती अधिकार कायद्याच्या कलम २१ चे संरक्षण आहे. उलट विनाकारण नाकारल्यास कलम २० खाली रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, तो दंड अधिकाऱ्याच्या खिशातून जातो.

खरी चूक होते ती झाकण्यात. मूळ कागदावर मार्कर कधीही चालवू नये. झेरॉक्स काढा, तिच्यावर काळे करा, आणि त्या काळ्या केलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून तीच द्या. पहिली प्रत खिडकीसमोर धरली की मार्करखालचे आकडे दिसतात. संगणकावर तर याहून फसवे. पीडीएफवर काळी चौकट ओढली तरी खालचा मजकूर तसाच राहतो. निवडून कॉपी केला की दुसरीकडे उमटतो. खात्रीचा मार्ग म्हणजे छापून, काळे करून, स्कॅन करणे. एक्सेलमधला रकाना ‘हाइड’ करणे म्हणजे झाकणे नव्हे. तो पुसून नवी फाइल करा आणि शिल्लक शीट आहेत का ते पाहा. फाइलच्या नावातच लाभार्थ्याचे नाव किंवा आधार असते, तेही बघा.

आधारच्या प्रतीवर शेवटचे चार अंक राहिले तर चालते, पण क्यूआर कोड विसरू नका. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख सगळे असते आणि मोबाइलने वाचता येते. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम २९ नेच मनाई आहे. खाते क्रमांक झाकताना सगळ्या कागदांवर तेच अंक झाका. एका यादीत पुढचे आणि दुसऱ्या यादीत मागचे झाकले, तर दोन्ही जुळवून पूर्ण क्रमांक तयार होतो. छोट्या गावात नाव झाकूनही उपयोग नसतो. ‘वय ३४, विधवा, एचआयव्ही योजना’ अशी ओळ तीनशे उंबऱ्यांच्या गावात नावाइतकीच बोलते. तिथे ओळ काढून फक्त एकूण संख्या द्यावी.

नस्ती पाहणीलाही हेच लागू. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय २०१८ च्या शासन निर्णयाने केलेली आहे. मात्र अर्जदार मोबाइल घेऊन बसतो आणि गठ्ठ्यात आधारच्या प्रती असतात. त्या आधीच वेगळ्या लिफाफ्यात काढून नस्तीवर तसा शेरा मारावा.

त्रयस्थ पक्षाच्या, म्हणजे ज्याची माहिती मागितली त्याच्या, नोटिशीचा गोंधळ सार्वत्रिक आहे. कलम ११ नुसार अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्रयस्थाला कळवायचे, त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस, आणि एकूण चाळीस दिवसांत निर्णय. त्याचे म्हणणे विचारात घ्यायचे असते. त्याची संमती लागत नाही. ‘संबंधिताने नकार दिल्याने’ हे कारण कायद्यात नाहीच. आणि या नोटिशीत अर्जदाराचे नाव-पत्ता घालण्याची गरज नसते, तरी घातला जातो, कधी थेट ठेकेदाराला फोन जातो. तळेगाव दाभाडे येथे २०१० मध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला, तेव्हापासून तरी हे प्रत्येकाला कळायला हवे होते. अर्जदारानेही मोबाइल क्रमांक देऊ नये. पत्रव्यवहारापुरता पत्ता पुरतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये टपाल पेटी क्रमांक देऊन अर्ज करण्याची मुभा मान्य केली आहे.

या दोन नकारांवर आता काय करायचे? उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये प्रथम अपील, वर वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कारणे तीनच लिहा: उत्तरात कलम ७(८) नुसार कारणे नाहीत, नुसता कलमाचा आकडा आहे; कलम १० चा विचार नाही; कलम ४(१)(ख) आणि ८(२) चा विचार नाही. नकार योग्य होता हे दाखवण्याचे ओझे कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे, हेही एका ओळीत. जनहित मांडताना ‘भ्रष्टाचार झाला आहे’ असे मोघम लिहू नका. ‘ग्रामसभेच्या यादीत ४१ नावे, हप्ते ४७ जणांना’ अशी कागदाने दाखवता येणारी विसंगती असेल तर ती लिहा. अपिलाचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत यायला हवा. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील.

तिथे तारीख लागायला फार काळ जातो. म्हणून शिक्षकाच्या अर्जाचे अपील लांबवत बसू नका. तो सुधारून दोन नव्या अर्जांत मोडा. दहा-दहा रुपयांचे स्टॅम्प आणि तीस दिवस. घरकुलाचे अपील मात्र जरूर करा आणि वर दिलेला अर्जही समांतर टाका. पानाला दोन रुपये शुल्क कळवले की लगेच भरा, कारण शुल्काचे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसमध्ये मोजत नाहीत. झाकण्याच्या श्रमाचे वेगळे शुल्क नियमांत नाही. मागितले तर कोणत्या नियमाने ते लेखी विचारा.

आणि ‘नस्ती आढळून येत नाही’ असे उत्तर आले तर तो अपवाद नव्हेच. ८ किंवा ९ मध्ये कुठेही ते कारण नाही. अभिलेखाचा वर्ग विचारा. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ वर्षभराचा. मुदत संपून नाश केला असेल तर नाश केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत मागा. तशी नोंद नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू होतो, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हे वाक्य अपिलात आले की पुष्कळदा नस्ती पुढच्या सुनावणीआधी सापडते.